दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लष्कराचे सुरुवातीचे झटपट विजय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीचे विजय म्हणताना नेमका कोणता काळ आणि कोणत्या मोहिमा धरायच्या?

१ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर झालेल्या हल्ल्यापासून डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोच्या वेशीवर जर्मन सैन्य अडेपर्यंतचा हा काळ आहे. पोलंड ५ आठवड्यांत पडला. डेन्मार्कने ९ एप्रिल १९४० रोजी काही तासांतच शस्त्रे खाली ठेवली, तर नॉर्वेतली लढाई १० जूनपर्यंत चालली. १० मे १९४० रोजी पश्चिमेकडील हल्ला सुरू झाल्यावर हॉलंडने ५ दिवसांत, बेल्जियमने १८ दिवसांत आणि फ्रान्सने ६ आठवड्यांत हार मानली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये युगोस्लाव्हियाला १२ दिवससुद्धा तग धरता आला नाही आणि ग्रीसची मुख्य भूमीही त्याच महिन्यात गेली. यांपैकी फ्रान्सचा पाडाव सर्वांत धक्कादायक होता. ज्या देशाने १९१४ पासून चार वर्षे लाखो जवान गमावूनही जर्मनांना पॅरिसमध्ये पाऊल ठेवू दिले नव्हते, तोच देश २२ जून १९४० रोजी युद्धबंदीच्या करारावर सही करून मोकळा झाला. म्हणून पुढील बरीचशी उत्तरे फ्रान्सच्या मोहिमेभोवतीच फिरतात.

जर्मनांकडे अधिक आणि अधिक चांगले रणगाडे होते, म्हणून ते जिंकले ना?

हा समज अतिशय पक्का रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मे १९४० मध्ये पश्चिम आघाडीवर जर्मनांकडे सुमारे २,४०० रणगाडे होते, तर दोस्त राष्ट्रांकडे ३,००० हून बरेच अधिक. तोफांच्या संख्येत तर दोस्तांची बाजू जवळपास दुप्पट भारी होती. जर्मन रणगाड्यांपैकी निम्म्याहून अधिक हे पॅन्झर एक आणि पॅन्झर दोन या हलक्या जातीचे होते. त्यांतल्या पहिल्यावर केवळ मशीनगन होत्या आणि दुसऱ्यावर २० मिलिमीटरची लहानशी तोफ. मार्च १९३९ मध्ये चेकोस्लोव्हाकिया गिळल्यावर हाती लागलेले चेक बनावटीचे रणगाडे नसते, तर काही जर्मन चिलखती डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) उभ्या करणेच अवघड झाले असते. जनरल रोमेलच्या ७ व्या पॅन्झर डिव्हिजनचा कणा हेच चेक रणगाडे होते.

फ्रेंच रणगाडा काय करू शकत होता, याचा एक दाखला देण्यासारखा आहे. ईशान्य फ्रान्समधील सेडान शहराच्या दक्षिणेला टेकडीवर स्टोन नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावाचा ताबा काही दिवसांत १७ वेळा बदलला. १६ मेच्या सकाळी कॅप्टन पिएर बियोत यांचा 'युर' नावाचा शार बी-१ बिस जातीचा रणगाडा गावात शिरला, तेव्हा समोरच्या उतारावर जर्मन रणगाडे ओळीने उभे होते. बियोत यांनी पहिला आणि शेवटचा रणगाडा निकामी करून मधल्यांची वाट अडवली आणि मग एकेक करून एकूण १३ रणगाडे उडवले. लढाईनंतर त्यांच्या रणगाड्याच्या पत्र्यावर १४० गोळे लागल्याच्या खुणा मोजल्या गेल्या, पण एकही गोळा आरपार गेलेला नव्हता. असे यंत्र हाताशी असूनही फ्रान्स हरला, म्हणजे पराभवाचे कारण पत्र्याच्या जाडीपलीकडे शोधावे लागते.

मग दोन्हीकडच्या रणगाड्यांमध्ये खरा फरक कशात होता?

संदेशवहनात, माणसांच्या मांडणीत आणि वापरात. जर्मन रणगाड्यांमध्ये बिनतारी संदेशयंत्र बसवलेले असे. निदान हुकूम ऐकता येईल एवढी सोय प्रत्येकात होती आणि अधिकाऱ्यांच्या रणगाड्यांतून उलट बोलताही येत असे. जर्मन चिलखती दलाचे प्रणेते हाइन्झ गुडेरियन यांनी पहिल्या महायुद्धात संदेशवहन विभागात काम केले होते, ही गोष्ट मला त्यांच्या इतर सर्व गुणांहून महत्त्वाची वाटते. चालत्या रणगाड्यांची तुकडी एका माणसाच्या आवाजावर वळवता आली पाहिजे, हे त्यांना फार लवकर उमगले होते. फ्रेंचांच्या बहुतेक रणगाड्यांत असे यंत्र नव्हते, त्यामुळे पुष्कळदा झेंडे दाखवून किंवा प्रत्यक्ष जाऊन सांगून काम भागवावे लागे.

दुसरा फरक बुरुजातल्या, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागातल्या, माणसांचा. पॅन्झर तीन आणि चार यांच्या बुरुजात तिघे बसत. एक तोफ भरी, एक नेम धरी आणि कमांडर डोके मोकळे ठेवून आजूबाजूला काय चालले आहे ते पाही. शार बी-१ च्या बुरुजात एकटा कमांडर असे आणि त्याला तोफ भरणे, नेम धरणे, गोळा डागणे आणि वर रणगाडा चालवणाऱ्याला दिशा सांगणे ही सगळी कामे एकट्याने करावी लागत. एवढ्या कामांच्या धबडग्यात शेजारच्या रणगाड्याकडे लक्ष देणे त्याला कसे जमणार?

तिसरा आणि सर्वांत मोठा फरक एकत्रीकरणाचा. जर्मनांनी १९३५ पासून आपले रणगाडे चिलखती डिव्हिजनांमध्ये एकवटले आणि त्यांच्या जोडीला ट्रकांवरचे पायदळ, तोफखाना, पूल बांधणारे सॅपर्स, विमानवेधी तोफा आणि दुरुस्तीची पथके दिली. १९४० मध्ये अशा १० डिव्हिजन होत्या. फ्रेंचांनी आपले बरेचसे रणगाडे पायदळाला मदत म्हणून लांबलचक आघाडीवर विखरून टाकले होते, आणि त्यांच्या भारी चिलखती डिव्हिजन घाईघाईने उभारलेल्या, अपुऱ्या सामग्रीच्या होत्या. १५ मे रोजी त्यांतली पहिली डिव्हिजन फ्लाव्हियोनजवळ इंधन भरत असताना जर्मनांच्या तावडीत सापडली आणि तिची धूळधाण झाली.

'ब्लिट्झक्रीग' हा जर्मनांचा आधीच ठरवलेला युद्धसिद्धान्त होता का?

नव्हता. 'विजेसारखे युद्ध' अशा अर्थाचा हा शब्द प्रामुख्याने वृत्तपत्रांनी आणि नियतकालिकांनी लोकप्रिय केला. जर्मन लष्कराच्या अधिकृत नियमावलीत या नावाचा सिद्धान्त सापडत नाही. शत्रूच्या बगलेवर जाऊन त्याला वेढा घालणे आणि लढाई शक्य तितक्या लवकर निकालात काढणे, ही प्रशियाच्या सैन्याची फार जुनी रीत होती. मध्य युरोपात दोन्ही बाजूंनी शत्रू असलेल्या आणि साधनसामग्री तुटपुंजी असलेल्या देशाला लांबलेले युद्ध परवडणारे नव्हते. जुन्या रीतीला इंजिन, बिनतारी आणि विमान यांची जोड मिळाली आणि तिचा वेग प्रतिपक्षाच्या कल्पनेबाहेर गेला. स्वतः जर्मन सेनाधिकाऱ्यांपैकी अनेकांना हा वेग धोकादायक वाटत होता, हे पुढे दिसेलच.

व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणले होते. मग एवढ्या लवकर इतके मोठे सैन्य कसे उभे राहिले?

या प्रश्नाचे उत्तर जनरल हान्स फॉन झेक्ट यांच्यापासून सुरू होते. तहाने १,००,००० सैनिक आणि त्यांत ४,००० अधिकारी एवढीच मुभा दिली होती. रणगाडे, लढाऊ विमाने आणि जनरल स्टाफ यांवर बंदी होती. झेक्ट यांनी १९२० च्या दशकात या छोट्या सैन्याला पुढाऱ्यांचे सैन्य केले, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या वरच्या पदाचे काम करता यावे अशी तालीम दिली. शिपायाने नाईकाचे, सार्जंटने लेफ्टनंटचे काम सांभाळण्याच्या तयारीत राहायचे. त्यामुळे १६ मार्च १९३५ रोजी हिटलरने सक्तीची लष्करभरती जाहीर केली, तेव्हा फुगत जाणाऱ्या सैन्याला शिकवणारे हात आधीच तयार होते. बंदी घातलेल्या शस्त्रांचा सराव गुपचूप सोव्हिएत भूमीवर झाला. वैमानिकांची शाळा लिपेत्स्कला आणि रणगाड्यांची कझानजवळ होती, आणि दोन्ही १९३३ पर्यंत चालल्या. पुढे स्पेनच्या यादवीत कोंडोर लिजन या जर्मन पथकाला प्रत्यक्ष लढाईचा धडा मिळाला.

या सैन्याचा आणखी एक गुण क्वचितच सांगितला जातो. पोलंड जिंकल्यावर जर्मन लष्कराच्या मुख्यालयाने स्वतःच्याच तुकड्यांच्या उणिवांचे कठोर अहवाल मागवले. पायदळ पुरेसे आक्रमक नव्हते, तुकड्यांमधला ताळमेळ बिघडत होता, असे स्पष्ट लिहिले गेले आणि तो सगळा हिवाळा कसून सराव करण्यात घालवला गेला. त्याच हिवाळ्यात फ्रेंच तुकड्यांपैकी अनेक जण खंदक खणत, तटबंदीचे काँक्रीट ओतत आणि कंटाळत बसले होते.

जर्मन अधिकाऱ्यांना हुकमाशिवाय निर्णय घेण्याची मोकळीक होती, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

आहे, आणि माझ्या मते सगळ्या विजयांच्या मुळाशी असलेली हीच गोष्ट आहे. वरिष्ठाने काय साधायचे ते सांगावे आणि कसे साधायचे ते जागेवरच्या माणसावर सोडावे, ही पद्धत प्रशियात १९ व्या शतकापासून मुरत आली होती. प्रशियाचे तेव्हाचे सेनाप्रमुख थोरले मोल्टके यांनी तिला पक्के रूप दिले. जागेवर परिस्थिती बदलली, तर कनिष्ठ अधिकाऱ्याने हुकमाच्या हेतूला धरून नवा निर्णय घ्यायचा. काही न करता हुकमाची वाट पाहत बसणे हा मोठा दोष मानला जाई.

फ्रेंच पद्धत नेमकी उलटी होती. पहिल्या महायुद्धातील भयंकर मनुष्यहानीनंतर त्यांनी 'आखीव लढाई' स्वीकारली. तोफखान्याने आधी भाजून काढायचे, मग पायदळाने ठरलेल्या रेषेपर्यंत जायचे, थांबायचे, तोफा पुढे आणायच्या आणि पुन्हा पुढची रेषा गाठायची. हा मूर्खपणा नव्हता. माणसे वाचवण्याच्या कळकळीतून आलेला तो विचार होता, आणि लढाई पायी चालण्याच्या वेगाने झाली असती तर तो टिकलाही असता. पण लेखी हुकूम खालपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळात जर्मन तुकडी त्या हुकमातल्या जागेच्या पलीकडे गेलेली असे.

पोलिश घोडदळाने भाले घेऊन रणगाड्यांवर हल्ला केला, हे खरे का?

नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी क्रोयांतीजवळ पोमेरानियाच्या १८ व्या उलान (घोडदळ) रेजिमेंटने जर्मन पायदळावर चढाई केली आणि त्यांची फळी काही काळ उधळलीही. इतक्यात जर्मन चिलखती गाड्या आल्या आणि त्यांच्या मशीनगनांनी घोडेस्वारांना टिपले. दुसऱ्या दिवशी तिथे आणलेल्या इटालियन वार्ताहरांनी मेलेले घोडे आणि आसपासचे रणगाडे पाहिले आणि त्यातून ही कथा जन्मली, जी जर्मन प्रचाराने आनंदाने उचलली.

पोलंडच्या पराभवाची कारणे वेगळी आहेत. जर्मनी, पूर्व प्रशिया आणि ताब्यातला स्लोव्हाकिया अशा तीन बाजूंनी देश वेढलेला होता. सगळी सीमा राखण्याच्या नादात सैन्य पातळ पसरले होते. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या आग्रहामुळे सार्वत्रिक सैन्यभरती २९ ऑगस्टला जाहीर होऊन मागे घेतली गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाहीर झाली, त्यामुळे हल्ला झाला तेव्हा कित्येक सैनिक आगगाडीत होते. १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून घुसले आणि माघार घेऊन लढत राहण्याची उरलीसुरली शक्यताही संपली. तरीही जर्मनांचे सुमारे १६,००० सैनिक तिथे मारले गेले, हे पोलिश सैनिकांच्या वतीने सांगितलेच पाहिजे.

आर्देनच्या जंगलातून हल्ला करण्याची योजना कोणाची, आणि ती स्वीकारली कशी गेली?

मूळ योजना १९१४ च्या वळणाची, म्हणजे बेल्जियमच्या सपाट प्रदेशातून मुख्य जोर लावण्याची होती. अनेक सैन्यांच्या 'आर्मी ग्रुप ए' या गटाचे चीफ ऑफ स्टाफ एरिश फॉन मान्श्टाइन यांना ती पसंत नव्हती. तिच्यातून अर्धवट यश मिळेल आणि पुन्हा खंदकांचे युद्ध सुरू होईल, असे त्यांचे मत होते. उत्तरेत एक हल्ला चढवून दोस्तांचे उत्तम सैन्य बेल्जियममध्ये ओढून घ्यावे, मुख्य चिलखती बळ आर्देनच्या डोंगराळ जंगलातून म्यूज नदीवर सेडानला आणावे आणि तिथून थेट इंग्लिश खाडीकडे धाव घेऊन त्या सैन्याची पिछाडी तोडावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. वरिष्ठांना त्यांचा तगादा नकोसा झाला आणि त्यांची दूर बदली करण्यात आली.

दरम्यान १० जानेवारी १९४० रोजी एक जर्मन विमान दाट धुक्यात वाट चुकून बेल्जियममधील मेखेलनजवळ उतरले. त्यातल्या मेजर राइनबर्गर यांच्याजवळ हल्ल्याच्या योजनेचे कागद होते. त्यांनी ते जाळण्याची धडपड केली, पण अर्धवट जळलेले कागद बेल्जियन सैनिकांच्या हाती लागले. जुनी योजना फुटल्याचा संशय, सरावातून दिसलेल्या तिच्या मर्यादा आणि १७ फेब्रुवारीला मान्श्टाइन यांनी हिटलरसमोर मांडलेला विचार, यांमुळे महिनाअखेरीस आराखडा बदलला. १० पैकी ७ चिलखती डिव्हिजन आर्मी ग्रुप 'ए'कडे आल्या.

ही योजना म्हणजे मोठा जुगार होता. या चिलखती बळाच्या मुख्य गटाचे सेनापती क्लाइस्ट यांच्याकडेच ४१,००० च्या वर वाहने होती आणि अरुंद डोंगरी रस्त्यांवर त्यांची रांग ऱ्हाइनपर्यंत मागे लागली होती. दोस्तांच्या टेहळणी वैमानिकांना रात्री दिव्यांच्या रांगा दिसल्या आणि त्यांनी तसे कळवलेही. त्यांचे कळवणे गांभीर्याने घेतले गेले असते आणि त्या कोंडीवर सलग दोन दिवस बाँबफेक झाली असती, तर कदाचित आज आपण हा प्रश्न विचारत नसतो.

१३ मे रोजी सेडानला नेमके काय घडले?

सकाळपासून जर्मन विमानांच्या लाटांमागून लाटा म्यूजच्या डाव्या काठावर कोसळू लागल्या. पुढचे ७-८ तास ही बाँबफेक चालली. काँक्रीटचे बुरूज आणि तोफा यांचे तिने मानाने थोडेच नुकसान केले, पण टेलिफोनच्या तारा तुटल्या आणि खंदकांत बसलेल्या माणसांचे धैर्य खचले. सूर मारून बाँब टाकणाऱ्या स्टुका विमानांच्या भोंग्याचा कर्कश आवाज आपल्यावरच येत आहे, असे प्रत्येकाला वाटे. समोरच्या फ्रेंच ५५ व्या डिव्हिजनमध्ये राखीव दलातले, वयाने थोराड आणि जेमतेम प्रशिक्षण मिळालेले सैनिक होते.

दुपारी पायदळ आणि सॅपर्स रबरी होड्या घेऊन पाण्यात उतरले. नदी तिथे सुमारे ६० मीटर रुंद आहे. १० व्या पॅन्झर डिव्हिजनच्या बहुतेक होड्या काठावरच फुटल्या. तिथे फेल्डवेबेल रुबार्ट हे सॅपर सार्जंट मोजक्या सोबत्यांसह एका होडीतून पलीकडे गेले आणि वरून हुकूम येण्याची वाट न पाहता एकामागून एक बुरूज सुरुंगाने उडवत त्यांनी फ्रेंच फळीला भगदाड पाडले. त्या दिवशी म्यूज पार केली ती रणगाड्यांनी नव्हे, अशा पायी माणसांनी.

संध्याकाळी ब्युल्सोंजवळच्या फ्रेंच तोफखान्यात जर्मन रणगाडे आल्याची आवई उठली. तोवर एकही जर्मन रणगाडा नदीपलीकडे आलेला नव्हता. तरी तोफा सोडून माणसे पळत सुटली आणि बघता बघता सगळ्या डिव्हिजनची दाणादाण उडाली. प्रतिहल्ल्याचा हुकूम संध्याकाळीच निघाला होता. पण निर्वासित आणि पळणारे सैनिक यांनी भरलेले रस्ते, अधिकाऱ्यांची चर्चा आणि लेखी हुकमाची प्रतीक्षा यांत रात्र सरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेंच रणगाडे निघाले, तेव्हा रात्रीत बांधलेल्या पुलावरून आलेले जर्मन रणगाडे टेकडीवर काही मिनिटे आधी पोहोचले होते. त्याच दिवशी पूल उडवण्यासाठी गेलेल्या ७१ ब्रिटिश बाँबफेकी विमानांपैकी ४० परतली नाहीत.

फ्रेंच सरसेनापती तोपर्यंत काय करत होते?

जनरल गामेलँ पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यात होते. त्या मुख्यालयात बिनतारी संदेशयंत्र नव्हते. निरोप टेलिफोनने किंवा मोटारसायकलस्वारांच्या हाती जात, आणि आघाडीचे प्रत्यक्ष सूत्रचालक जनरल जॉर्ज वेगळ्याच ठिकाणी बसत.

पण त्यांची सर्वांत घातक चूक लढाईआधीची आहे. जनरल जिरो यांचे ७ वे सैन्य, ज्यात फ्रान्सच्या फिरत्या तुकड्यांपैकी काही उत्तम तुकड्या होत्या, मूळच्या आराखड्यात राखीव होते. गामेलँ यांनी ते हॉलंडला मदत करण्यासाठी सर्वांत डावीकडे, ब्रेडापर्यंत धाडले. १६ मे रोजी पॅरिसला आलेल्या चर्चिल यांनी राखीव सैन्य कुठे आहे असे विचारले, तेव्हा ते नाहीच, असे उत्तर मिळाले. हातचे राखून न ठेवता केलेली ही खेळी मान्श्टाइन यांच्या योजनेला जणू हवी तशीच जुळली. २० मे रोजी जर्मन रणगाडे खाडीजवळच्या आबव्हीलला पोहोचले आणि बेल्जियममध्ये गेलेले दोस्तांचे सगळे सैन्य कोंडीत सापडले.

विमानदलाचा वाटा किती?

बराच मोठा. पायदळाशी आणि रणगाड्यांशी मेळ साधून लढणे जर्मन वैमानिक स्पेनमध्ये शिकले होते, आणि मागेपुढे धावणाऱ्या चिलखती तुकड्यांसाठी स्टुका विमान हाच फिरता तोफखाना ठरला. बेल्जियमचा एबेन-एमाएल किल्ला अभेद्य मानला जाई. १० मे च्या पहाटे बिनइंजिनाच्या ग्लायडरांमधून सुमारे ८० छत्रीधारी सैनिक त्याच्या माथ्यावरच उतरले, त्यांनी नव्या पद्धतीच्या स्फोटकांनी तोफांचे घुमट फोडले आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पण याच विमानदलाने १४ मे रोजी, शरणागतीची बोलणी चालू असताना रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बेचिराख केला आणि शेकडो नागरिकांचा जीव घेतला. वर्णन करताना हे वगळले, तर वर्णन अपुरे राहते.

जर्मन सैनिक गोळ्या खाऊन तीन-तीन दिवस जागत होते, हे खरे का?

पेर्व्हिटिन नावाच्या मेथॅम्फेटामिनच्या गोळ्या १९४० मध्ये सैन्याला कोट्यवधींच्या संख्येने पुरवल्या गेल्या, हे खरे आहे. त्यांनी झोप लांबवली आणि थकवा लपवला. परंतु विजयाचे श्रेय त्यांना देणे योग्य नाही. त्यांचे दुष्परिणाम लवकरच दिसले आणि पुढे त्यांच्या वापरावर निर्बंध आले.

म्हणजे सगळे जर्मन सैन्य यंत्रांवर स्वार झालेले होते?

मुळीच नाही. १९४० मध्ये पूर्णपणे मोटारींवर चालणाऱ्या डिव्हिजन १६ च्या आसपास होत्या. बाकीचे सैन्य पायी चालत होते आणि त्यांच्या तोफा व गाडे घोडे ओढत होते. रशियावर चाल करताना जर्मनांनी ६ लाखांहून अधिक घोडे नेले. चित्रफितींमध्ये आपल्याला रणगाडे दिसतात, कारण प्रचारखात्याला तेच दाखवायचे होते. धारदार पण छोटे पाते आणि त्यामागे लांबलचक लाकडी दांडा, असे हे सैन्य होते, आणि पाते दांड्यापासून सुटेल ही भीती जर्मन वरिष्ठांना रात्रंदिवस छळत होती. त्या भीतीपोटीच १७ मे रोजी क्लाइस्ट यांनी गुडेरियनना थांबण्याचा हुकूम दिला आणि संतापलेल्या गुडेरियन यांनी राजीनामा पुढे केला. अखेर 'जोरदार टेहळणी'ची परवानगी काढून ते पुढे जातच राहिले. २४ मे रोजी डंकर्कजवळ पुन्हा थांबण्याचा हुकूम आला आणि या वेळी तो पाळला गेला. पुढे ४ जूनपर्यंत दोस्तांचे ३,३८,२२६ सैनिक समुद्रमार्गे निसटले.

या विजयांमागे राजकारण किती होते?

२३ ऑगस्ट १९३९ चा सोव्हिएत संघाशी झालेला करार नसता, तर हिटलरला पूर्वेची चिंता सोडून पश्चिमेला जवळपास सगळे सैन्य एकवटता आले नसते. त्या करारामुळे रशियाचे तेल आणि धान्यही मिळत राहिले. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन सैन्य पोलंडमध्ये गुंतलेले असताना फ्रेंचांनी सारलँडमध्ये काही किलोमीटर पाऊल टाकले आणि माघार घेतली. जर्मन सेनानेतृत्वातले जनरल योडल यांनी न्यूरेंबर्गच्या खटल्यात सांगितले की, पश्चिमेला अवघ्या २३ जर्मन डिव्हिजनसमोर उभ्या असलेल्या सुमारे ११० फ्रेंच आणि ब्रिटिश डिव्हिजन स्वस्थ बसल्या, म्हणूनच जर्मनी तेव्हा वाचला. शिवाय बेल्जियम १० मे पर्यंत तटस्थ होता, त्यामुळे दोस्तांना तिथे आधी जाऊन पाय रोवता आले नाहीत.

जर्मनांची ही रीत कुठेच फसली नाही का?

फसली. ९ एप्रिल १९४० रोजी ओस्लोच्या खाडीत ऑस्कर्सबोर्ग किल्ल्याच्या जुन्या तोफांनी आणि पाणतीरांनी 'ब्ल्यूशर' ही नवी कोरी युद्धनौका बुडवली. त्या काही तासांच्या उसंतीत नॉर्वेचा राजा आणि सरकार राजधानीतून निसटले. नार्व्हिकला जर्मनीच्या १० विनाशिका नष्ट झाल्या. मे १९४१ मध्ये क्रीट बेट जिंकताना छत्रीधारी सैनिकांची एवढी हानी झाली की, तसा मोठा हल्ला जर्मनांनी पुन्हा केलाच नाही.

रशियात तीच पद्धत अपुरी का पडली?

सुरुवात तर आणखीच भीषण होती. १९३७-३८ मध्ये स्टालिनने स्वतःच्याच अनुभवी सेनाधिकाऱ्यांची कत्तल केली होती आणि हल्ल्याच्या सूचना धुडकावल्या होत्या. मिन्स्क, स्मोलेन्स्क, कीव्ह इथे लाखो सैनिक वेढ्यात सापडले. पण सेडानपासून खाडी काही शे किलोमीटरवर होती आणि मॉस्को सीमेपासून सुमारे १,००० किलोमीटरवर. रशियन लोहमार्ग रुंद असल्याने प्रत्येक मैलावर रूळ सरकवावे लागले, शरद ऋतूत कच्चे रस्ते चिखलात बुडाले, आणि एक सैन्य गिळले तरी मागे दुसरे उभे राहत होते. जर्मन नियोजनात पुरवठा हा नेहमीच दुय्यम विषय राहिला होता. फ्रान्समध्ये ते झाकले गेले, कारण लढाई दांडा तुटण्याआधी संपली. ५ डिसेंबर १९४१ रोजी मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला.

या विजयांचे कौतुक करणे योग्य आहे का?

अभ्यास करावा, भक्ती करू नये. युद्धानंतर अनेक जर्मन सेनापतींनी आठवणी लिहून यशाचे श्रेय स्वतःकडे आणि अपयश व गुन्हे हिटलरकडे ढकलले, आणि आपल्याकडेही ते चित्र बराच काळ जसेच्या तसे स्वीकारले गेले. वास्तविक पोलंडमध्ये पहिल्या आठवड्यापासून नागरिकांच्या कत्तली झाल्या, जून १९४० मध्ये फ्रेंच सैन्यातल्या आफ्रिकी युद्धकैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि सोव्हिएत भूमीवर ज्यूंच्या हत्याकांडात लष्कराने साहाय्य केले.

भारतीय, विशेषतः मराठी सैनिकांचा या युद्धपद्धतीशी सामना झाला का?

मुंबईहून फ्रान्सला गेलेल्या भारतीय खेचर तुकड्या १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीत होत्या. त्यांना आपली जनावरे मागे सोडावी लागली, आणि एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली.

मराठी सैनिकांवर मात्र हा घाव दोन वर्षांनी, लिबियातल्या टोब्रुक बंदरात पडला. जून १९४२ मध्ये तिथल्या आग्नेयेकडील तटाचा एक भाग ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण राखत होती. तटाबाहेरचे सुरुंग बऱ्याच प्रमाणात काढून पश्चिमेकडील गझालाच्या आघाडीवर नेलेले होते. २० जूनच्या पहाटे रोमेल यांनी नेमका तोच भाग निवडला. आधी विमानांच्या लाटा, मग तोफखाना, मग खंदकावर पूल टाकणारे सॅपर्स आणि त्यांच्यामागून रणगाडे, हा सेडानचाच क्रम होता आणि तो एका अरुंद पट्ट्यावर एकवटलेला होता. रणगाड्यांसमोर रायफली घेऊन उभ्या असलेल्या त्या पलटणीच्या बाजूला वेळेवर कुमक आली नाही, कारण प्रतिहल्ल्याचा निर्णय आणि हुकूम यांत सकाळ निघून गेली. संध्याकाळपर्यंत बंदर पडले, दुसऱ्या दिवशी शरणागती झाली आणि सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले.

याच रेजिमेंटच्या इतर पलटणी पुढे इटलीत जर्मनांशी लढल्या, तेव्हा चढाई त्यांची होती आणि बचाव जर्मनांचा. रायगडमधील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात मशीनगनचा मोर्चा एकट्याने काबीज करताना प्राण दिले. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठावर गोळ्यांच्या माऱ्यातून जखमी सोबत्यांना पाण्यापलीकडे आणले आणि परत जाऊन शत्रूचे मोर्चे मोडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर.